मुस्तफा आप्पा

जळगावात महाबळ, पिंप्राळा किंवा रिंग रोडच्या कुठल्याही कॉलनीत जा आणि पहिल्या दिसेल त्या माणसाला विचारा, की ज्यांच्या हॉलमध्ये फ्रिजपेक्षा उंच, कपाटापेक्षा जड आणि दोन्हींपेक्षा निरुपयोगी अशी एक पेटी उभी आहे, ते गृहस्थ राहतात कुठे? तो न बोलता बोट दाखवील. तेच आप्पा. वय पंचेचाळीस ते पन्नास. नोकरी पतसंस्थेत नाहीतर झेडपीत. डोक्यावरचे केस मोजके, घराचे हप्ते अजून बरेच. स्कूटीच्या डिकीत रेनकोट नसतो, पण सोल्डरिंगची गन आणि वायरचं भेंडोळं कायम असतं. जुनी वायर टाकून देणं हे त्यांच्या दृष्टीने पाप आहे.

कॉलनी त्यांना मुस्तफा आप्पा म्हणते. बारशाचं नाव वेगळं आहे, पण ते फक्त पासबुकात. १९९३ साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा व्हिडिओ गेम काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या चित्रकथांवरून तो बेतला होता. गोष्ट सव्विसाव्या शतकातली. आपल्या पोरांना शतकाशी कर्तव्य नव्हतं आणि ते लांबलचक नावही जिभेवर बसेना. जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा अशा चौघांतून एक गडी निवडायचा असे. त्यातला मुस्तफा धावत येऊन जी लाथ घाली, तिच्यावर अख्खा हिंदुस्थान खूश झाला आणि खेळाचंच नाव मुस्तफा पडलं. आप्पा त्या लाथेचे जाणकार. खेळाची कथा त्यांना आजही सांगता येत नाही. समोरून येईल त्याला हाणायचं, इतकंच त्यांना तेव्हाही कळलं होतं.

ते शिक्षण झालं एसटी स्टँडच्या मागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. सायकलच्या दुकानाला लागून एक खोली, दाराला मळका पडदा, आत तीन-चार पेट्या आणि एक पंखा. पंख्याचं तोंड शेठकडे. रुपयाला एक डाव. लाइट गेली की डाव गेला आणि रुपयाही गेला, आणि खान्देशात लाइट काही विचारून जात नसे. खाऊचा रुपया पुरणं शक्यच नव्हतं, म्हणून बाकीचे रुपये वडिलांच्या खुंटीवरच्या सदऱ्यातून येत. वडीलही अधूनमधून पार्लरवर धाड घालत. पडदा सरकून उजेड आत आला की सगळी पोरं एकदम मागे वळून बघत. आलेला बाप कुणाचा हे आधी कळणं महत्त्वाचं असे.

पुढे घरोघर कॉम्प्युटर आले, मग मोबाइल आले, पार्लरं बसली. त्या खोल्यांत झेरॉक्सची दुकानं निघाली. आप्पा शिकले, चिकटले, संसाराला लागले. आणि मग कधीतरी, साधारण ज्या वयात माणूस मधुमेहाची पहिली तपासणी करतो त्या वयात, त्यांनी जाहीर केलं की आपण एक जुनी पेटी आणून ती नव्याने उभी करणार. स्वस्तात.

हा 'स्वस्तात' शब्द या जमातीत श्वासासारखा येतो. पुतण्याने मोबाइल काढून दाखवला, "काका, मुस्तफा यात फुकट चालतो." आप्पा म्हणाले, "चालत असेल. पण त्याच्यासमोर उभं कुठं राहायचं?" याला पुतण्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

पेटी शोधताना अजिंठा चौफुलीजवळचा भंगार बाजार आधी पालथा घातला गेला. तिथे विमानाची सीट मिळाली म्हणतात, पण पेटी नाही. खबर आली धुळ्याहून, तिथल्या आप्पांकडून. धुळ्यातही एक आप्पा आहेत, असायचेच. जळगावच्या आप्पांपेक्षा ते कडक. त्यांची पेटी दुरुस्त होऊन कधीच चालू झालेली नाही, कारण एक जरी भाग मूळ मिळाला नाही तर ते काम थांबवतात. गेली कित्येक वर्षं ते एका बटणाच्या शोधात आहेत.

धुळ्याची पेटी होती आग्रा रोडच्या आत, नंबरांच्या गल्ल्यांपैकी एकीत. तिथे गल्ल्यांना नावं कमी आणि आकडे जास्त, त्यामुळे पाहुण्याला पाढे यावे लागतात. पेटी आडवी पडलेली. पोटात कांदे, जुन्या वह्या आणि एका मांजरीचं बाळंतपण. आदल्या महिन्यापर्यंत मालक ती भंगारवाल्याने किलोवर न्यावी म्हणून त्याच्या मागे होता. पण जळगावहून माणूस गाडी भाड्याने करून आला म्हटल्यावर ती एकाएकी 'वडिलांची आठवण' झाली. आठवणीचा भाव कसा ठरवतात हे मी त्या दिवशी पाहिलं. आप्पांनी तीनदा चपला घातल्या, मालकाने तीनदा चहा मागवला. शेवटी मांजरीची पिल्लं मालकाला ठेवून सौदा पटला.

छोटा हत्ती टेम्पोत पेटी उभी करून वर ताडपत्री बांधली आणि रात्री निघालो. फागणे, मुकटी गेलं. पारोळ्याच्या अलीकडे नाकाबंदी. रात्रीची वेळ, ताडपत्रीखाली माणसाएवढी लोखंडी कडांची पेटी आणि बरोबर घाम पुसणारे दोन प्रौढ. हवालदाराला जो संशय यायचा तोच आला.

"एटीएम कुठलं उचललं?"

आप्पांनी ताडपत्री सोडली. हवालदाराने टॉर्च मारला. हँडल दिसलं, रंग उडालेली लाल बटणं दिसली, पैसे टाकायची फट दिसली. टॉर्च तिथेच थांबला. मग तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "मुस्तफा आहे का यात?"

त्यानंतर कागदपत्रांचा विषय निघाला नाही. मुस्तफा की मेस, यावर रस्त्याच्या कडेला बराच वाद झाला आणि शेवटी आप्पांचा मोबाइल नंबर सरकारी डायरीत उतरवला गेला. पेटी चालू झाल्याची वर्दी द्यायची, एवढी एकच अट.

आता दुरुस्ती. आपल्याकडच्या या पेट्या जपानी नव्हेत. आतला बोर्ड बाहेरून आलेला, पण खोका गावातल्या सुताराने प्लाय आणि सनमायका मारून केलेला. खालचा वीतभर प्लाय वाळवीने खाल्लेला होता, तो कापून नवा जोडला. फेविकॉल, बिडिंग पट्टी, पुट्टी असं करत आठवडे गेले. वहिनींनी त्या काळात हॉलमध्ये पाय ठेवला नाही. पाहुण्यांना थेट स्वयंपाकघरात बसवून शेवभाजी वाढली जाई.

वायरिंगचं मात्र कौतुक करावं असं आहे. १९८५ साली जपानी उत्पादकांच्या 'जामा' या संघटनेने एक प्रमाण पट्टी ठरवली: एका बाजूला २८, दुसऱ्या बाजूला २८, अशा ५६ पिना. वीज, चित्र, आवाज, हँडल, बटणं, नाण्याची फट, सगळं त्या एका पट्टीतून. म्हणून तर पार्लरचा शेठ सकाळी मुस्तफा काढून संध्याकाळी त्याच पेटीत दुसरा खेळ घालू शकत असे. बोर्ड उपसायचा, दुसरा खोचायचा. उंदरांनी त्या ५६ पैकी बहुतेक वायरी निकालात काढल्या होत्या, आणि तसंही आता तिथे बोर्ड बसणार नव्हता. बसणार होता रास्पबेरी पाय, केंब्रिजहून २०१२ साली निघालेला, एटीएम कार्डाएवढा कॉम्प्युटर.

त्यात चालतो 'मेम' नावाचा प्रोग्रॅम. निकोला सालमोरिया या इटालियन तरुणाने तो फेब्रुवारी १९९७ मध्ये बाहेर सोडला, पॅक-मॅनच्या जातकुळीतल्या यंत्रांपासून सुरुवात करून. जुना बोर्ड आत जे जे करत होता, ते सगळं कॉम्प्युटरने हुबेहूब वठवायचं, असा तो प्रकार. मूळ चिपमधला मजकूर, म्हणजे रॉम, तेवढा आपण पुरवायचा. हा रॉम आणला कुठून, हे आप्पांना विचारू नये. आप्पा वीजबिल मुदतीआधी भरतात, घंटागाडीत ओला-सुका वेगळा टाकतात. पण खेळाचे हक्क आजही कंपनीचे असतात, हा विषय काढला की ते उठून चहाचं बघतात. एक खरं, की पार्लरांतल्या बोर्डांतही नकली माल पुष्कळ होता. परंपरा तेवढी त्यांनी मोडलेली नाही.

खरं महाभारत झालं ते पडद्यावरून. पेटीत काचेची जुनी पिक्चर ट्यूब होती. जळगावच्या आप्पांचं म्हणणं, ती काढून सपाट मॉनिटर बसवावा. स्वस्त, हलका. धुळ्याच्या आप्पांना फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे शांतता पसरली. मग आवाज आला, "टूब काढी टाकी? मंग त्यामा राह्यनं काय?" आणि फोन बंद. तरी मॉनिटर आला. जुना खेळ चाराला तीन या मापाच्या पडद्यासाठी काढलेला. लांबट मॉनिटरवर तो ताणला गेला आणि मुस्तफा आप्पांइतकाच सुटलेला दिसू लागला. तेव्हा आप्पा वरमले. ट्यूब परत बसवायची ठरली.

ट्यूबला हात लावणारे मेकॅनिक आता उरलेत किती? गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलचं पोट उघडणारी शंभर पोरं बसलेली असतील, पण ट्यूब म्हटल्यावर ती आजोबांचं नाव सांगतात. असे एक आजोबा सापडले. ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो काही काळ मुक्काम करतो. आजोबांनी लांब पेचकसाला वायर बांधून ती अर्थ केली, टोपीखाली सरकवली. चटकन आवाज झाला. आप्पा सोफ्याच्या मागे गेले ते चित्र आल्यावरच पुढे आले. पायच्या गोल भोकातून पिवळ्या पिनेची वायर काढली आणि चित्र थेट ट्यूबवर आलं. एकूण पन्नासेक रुपयांची वायर. मॉनिटर आता मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे आणि 'तो तिच्यासाठीच आणला होता' असं घरात सांगितलं जातं.

बाजूंना चित्रं हवीत म्हणून फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्याने मुस्तफाचं चित्र पाहिलं, रंग बघितले आणि सरावाने विचारलं, "भाऊंचा वाढदिवस कधी आहे?" पहिला प्रूफ आला त्यात खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार' होतं. आप्पांनी ते खोडलं नाही.

मग मे महिना आला. ऐंशी अंशांच्या पुढे पायची चिप आपणहून वेग कमी करते आणि जळगावच्या हॉलमध्ये ते व्हायला फार कष्ट पडत नाहीत. मुस्तफा दुपारी पाण्यातून चालल्यागत चालू लागला. आप्पांनी घरातला वाळ्याचा कूलर पेटीच्या मागे लावला. वडील आतल्या खोलीत टॉवेल ओला करून झोपले.

या माणसांना येडगावचे ठरवण्याआधी थोडं थांबा. याच पट्ट्यातल्या मालेगावात नासिर शेख यांनी, स्वतः व्हिडिओ पार्लर चालवता चालवता, २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. हातात असेल त्यात उभं करायचं, हे या भागाला शिकवावं लागत नाही. फरक एवढाच, की नासिर शेख यांचा सिनेमा पूर्ण झाला. आप्पांची पेटी पूर्ण होत नाही. चालू आहे, पूर्ण नाही. खर्चाची वही वहिनींना दिसणार नाही अशा जागी आहे, आणि ती जागा वहिनींना माहीत आहे.

सगळ्यांनी आप्पांना सांगितलं, की मेममध्ये फुकट खेळायची सोय आहे. तीही नको तर कीबोर्डवर ५ दाबलं की नाणं पडल्याची नोंद होते, १ दाबलं की डाव सुरू. आप्पा ऐकेनात. नाण्याची जुनी फट त्यांनी घासून पुसून चालू केली, तिचा स्विच त्या ५ ला जोडला आणि खालच्या गल्ल्याला कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला. तेव्हा मला उलगडलं. आप्पांना मुस्तफा खेळायचाच नव्हता. पेटी आल्यापासून ते फारसे खेळलेलेही नाहीत. त्यांना शेठ व्हायचं होतं. ते शेजारी खुर्ची टाकून बसतात, पंखा स्वतःकडे वळवतात आणि कुणी बटणं जोरात आपटली तर ओरडतात. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी उधारी नाकारली. हवालदारसाहेब गणवेशात येऊन गेले, त्यांच्याकडूनही पैसे घेतले.

वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. हॉलमध्ये आले की आवाज येतो, "अभ्यास झाला का?" आप्पा खुर्चीतून उठून उभे राहतात.

तुम्ही जाणार असाल तर सुट्ट्यांचं बघून जा. फट व्यास आणि वजन पाहून नाणं घेते आणि ती लावलेली आहे १९९२ पासूनच्या स्टीलच्या रुपयाला: २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. २०११ साली रुपया लहान झाला, तो खालून परत पडतो. पण त्याच साली आलेलं दोन रुपयांचं नाणं नेमकं २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅमचं निघालं, त्यामुळे आप्पांचे दर सरकारनेच परस्पर दुप्पट केले. २०१९ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं २३ मिलिमीटरचं आहे, तेही चालत नाही. तेव्हा जुने रुपये नाहीतर २०११ ते २०१८ मधली दोन रुपयांची नाणी वेचून न्या. आप्पा सुट्टे देत नाहीत.