निसर्गाच्या सान्निध्यात, शनिवार-रविवार

शहरातल्या माणसाला निसर्गात राहायचं तर आधी शेतकरी व्हावं लागतं. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे पर्यावरणप्रेमाची सुरुवात आजोबांच्या नावचा सातबारा हुडकण्यापासून होते. तो सापडला की मुळशीत एक एकर पक्का.

मग मातीचं घर. आर्किटेक्ट पुण्याचा, गवंडी लांबून आणलेला, कारण गावातले गवंडी आता स्लॅबच घालतात. सारवायला शेण हवं, तर गावातली निम्मी जनावरं केव्हाच विकली गेलीत. गोवऱ्या ऑनलाइन मिळतात. ओलं शेण घरपोच द्यायला मात्र अजून कुणी तयार नाही. जूनमध्ये मुळशीचा पाऊस आडवा झोडपतो. जुन्या घरांची वळचण हातभर पुढे असायची ती काही शोभेसाठी नव्हे, पण ‘लूक’ बिघडतो म्हणून इथे ती आखूड ठेवलेली. आठवड्यात लिंपण सुटतं आणि निसर्गस्नेही भिंतींना चहूबाजूंनी निळं प्लास्टिक गुंडाळावं लागतं.

छपरावर सोलर आहे, पण महावितरणच्या तारेला जोडलेला. लाइट गेली की तोही बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती सोयच असते. पावसाळ्यात लाइट जातेच. म्हणून मागच्या दारी डिझेलचा जनरेटर.

ओला कचरा खड्ड्यात जातो, ठीक. बांबूचा टूथब्रश ज्या खोक्यातून, फुग्याफुग्याच्या प्लास्टिकमधून आला, त्याचं काय? गावात घंटागाडी येत नाही. “साहेब, जाळून टाकू का?” राखणदार फोनवर विचारतो. साहेब तेव्हा भूगावच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून बसलेले असतात. “बघा तुम्हीच काय ते.”

राखणदाराचंही मातीचंच घर होतं. सरकारदरबारी ते कच्चं, म्हणून घरकुल मंजूर झालं: 1 लाख 20 हजार, तेही हप्त्याहप्त्याने. त्याने भिंती पाडल्या. सागवानी दार आणि कौलं साहेबांनी हौसेने विकत घेतली. त्या पैशांत त्याचा स्लॅब पुरा झाला.

मे महिन्यात तो स्लॅब रात्रभर तापलेला असतो. सोमवार ते शुक्रवार राखणदार सहकुटुंब साहेबांकडे झोपतो. गार वाटतं म्हणे.