तिघांच्या तीन चाली आणि एक तळं

सायकल, कॅमेरा आणि कुंचला यांना एकाच सहलीला नेऊ नये. सायकलला थांबवत नाही, कॅमेऱ्याला दर वळणावर थांबायचं असतं, आणि कुंचला एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. आमच्याकडे मात्र हे तिघंही एकाच मोटारीत बसून स्कॉटलंडमधल्या लॉख कॅट्रिनकडे निघाले. सायकल भाच्याची, कॅमेरा आमच्या ह्यांचा, कुंचला माझा.

भाचा ग्लासगोला नोकरी करतो. त्याच्या स्वयंपाकघरात नळाचं पाणी प्यायले आणि सहज म्हटलं, "पाणी गोड आहे रे तुमचं." तो लगेच म्हणाला, "मावशी, हे ज्या तळ्यातून येतं तिथेच नेतो तुला." म्हणजे आम्ही निघालो होतो निसर्गशोभा पाहायला, आणि पोहोचणार होतो ग्लासगोच्या पाणीपुरवठा खात्यात. पुण्याचा माणूस खडकवासल्याला जातो तसंच हे, फक्त इथे कणसं भाजणारं कुणी नाही.

एकोणिसाव्या शतकात ग्लासगोत कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. तेव्हा बेटमन नावाच्या इंजिनिअरने डोंगर फोडून, दऱ्यांवर पूल बांधून या तळ्याचं पाणी शहराकडे नेलं. 1859 साली व्हिक्टोरिया राणीने स्वतः येऊन ते सोडलं. राणीच्या मुक्कामासाठी काठावर एक टुमदार घर बांधलं होतं. तिच्या स्वागताला तोफा अशा काही दणाणल्या की त्या घराच्या खिडक्यांच्या काचाच फुटल्या आणि राणीला तिथे राहता आलं नाही, असं सांगतात. सरकारी स्वागतसमित्या सगळीकडे सारख्याच.

तळ्यावरच्या ट्रॉसॅक्सच्या धक्क्यावर मी आणि ह्यांनी सायकली भाड्याने घेतल्या. आमच्या विजेच्या, भाच्याची स्वतःची, तत्त्वाची. बेत असा की सायकलींसकट बोटीने पश्चिमेकडे स्ट्रोनाख्लाखरला जायचं आणि उत्तरेच्या काठाकाठाने तेरा मैल, म्हणजे एकवीस किलोमीटर, परत यायचं. तो रस्ता पाणी कंपनीचा. तिथे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव, सायकली आणि चालणारे यांना मुभा.

बोटीचं नाव 'सर वॉल्टर स्कॉट', जन्म 1899 चा. डम्बार्टनच्या गोदीत ती बांधली, मग सुटी केली, लॉख लोमंडवरून तराफ्याने आणि पुढे घोडागाड्यांवर लादून डोंगरापलीकडे आणली आणि इथे पुन्हा जोडली. एवढी यातायात ज्याच्या नावाने केली त्या स्कॉटसाहेबांनीच या तळ्यावर गर्दी लोटली होती. 1810 साली त्यांचं 'द लेडी ऑफ द लेक' हे दीर्घकाव्य आलं आणि वाचक काव्य हातात घेऊन तळं शोधत निघाले. तळ्यातल्या एका बेटाला काव्यातल्या नायिकेचं, एलनचं, नाव मिळालं ते कायमचं. अस्तित्वात नसलेल्या मुलीच्या नावावर एवढी स्थावर मिळकत!

बोट त्या बेटाजवळ आली आणि आमचे हे कामाला लागले. डावीकडे बेट, उजवीकडे ढग, पुन्हा डावीकडे बेन व्हेन्यू डोंगर. ते इकडून तिकडे धावत होते आणि बाकावर बसलेल्या स्कॉटिश आजीबाई दरवेळी नम्रपणे पाय आत घेत होत्या.

स्ट्रोनाख्लाखरला उतरून सायकली हाकल्या. तळ्याच्या काठचा रस्ता म्हणजे सपाट असणार, अशी माझी भाबडी समजूत. भाच्याने माहिती पुरवली की ग्लासगोकडे जाणारं पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने, सव्वीस मैल जातं, आणि तो उतार मैलाला जेमतेम दहा इंच. सगळा हिशेबी उतार पाण्याला देऊन टाकला आणि उरलेला चढ सायकलवाल्यांच्या वाट्याला आला. एक चढ संपला की त्याचा धाकटा भाऊ वळणाआड उभाच.

तळ्याच्या टोकाशी ग्लेनगाइल. इथे 1671 साली रॉब रॉय मॅकग्रेगर जन्मला. गुरांचा व्यापारी, मग गुरंचोर, मग लोककथांचा नायक, अशी त्याची चढती कमान. माँट्रोझच्या ड्यूकचा कारभारी वसुलीला निघाला असताना रॉब रॉयने त्याला वसुलीच्या पैशांसकट उचललं आणि तळ्यातल्या एका बेटावर नेऊन ठेवलं. मग ड्यूककडेच खंडणी मागितली. बेटाला अजून 'कारभाऱ्याचं बेट' म्हणतात. पुढे पोर्टनेलनला काठाला लागून मॅकग्रेगरांचं जुनं कबरस्तान आहे. ह्यांनी तिथे गुडघे टेकले. एक सायकलस्वार बाई आदराने टोपी काढून थांबल्या. त्यांना काय ठाऊक, ह्यांना फक्त शेवाळाचा कोन हवा होता.

"काका, या वेगाने आपण उद्या पोहोचू," भाचा म्हणाला.

ह्यांनी टॉल्बटचा दाखला काढला. कागदावर निगेटिव्ह घेऊन हव्या तितक्या प्रती काढण्याची युक्ती शोधणारा हा इंग्रज 1844 च्या ऑक्टोबरात आपला लाकडी कॅमेरा घेऊन या तळ्यावर आला होता. पुढच्या वर्षी त्याने स्कॉटलंडच्या तेवीस फोटोंचं पुस्तक काढलं आणि स्कॉटलंडमधल्या ऑक्टोबरात काढलेल्या त्या चित्रांना बेधडक 'सूर्यचित्रं' म्हटलं. "त्याला एकेका फोटोला काही मिनिटं लागायची," हे म्हणाले, "मी तर सेकंदात उरकतो." उरकतात खरं, पण एकाच झाडाचे वीस.

मग माझी पाळी आली. एका लहानशा खाडीपाशी वारा पडला, पाणी आरशागत झालं. मी दगडावर बैठक मारली आणि रंगपेटी उघडली. त्याच क्षणाची वाट पाहत असल्यासारखी चिलटं आली. इथे त्यांना 'मिज' म्हणतात. चावते ती फक्त मादी आणि ती येते आपल्या श्वासाच्या मागावर. वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर गेला की तिला उडता येत नाही. तेव्हा स्कॉटलंडमध्ये सायकल चालवणाऱ्याला निसर्गाचं संरक्षण आहे, फोटो काढणाऱ्याला अर्धवट आहे आणि चित्रकाराला ओलसर, निवांत, सुंदर जागी बसवून वाढून ठेवलं आहे. भाचा माझ्याभोवती सायकलने गोल गोल फिरत होता. त्याला एकही चावली नाही.

रंगांचंही अवघड. निळा भिजवेपर्यंत तळं करडं व्हायचं, करडा भिजवला की समोर ऊन. शेवटी पेन्स ग्रे नावाचा गडद राखाडी रंगच आधाराला राहिला. त्यात सर आली. आभाळ मी रंगवलेलं, वाहवलं मात्र खऱ्या आभाळाने. ह्यांनी खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "ते दूरचे पक्षी झकास जमलेत हं." ती ओल्या रंगात चिकटलेली चिलटं होती. मी 'हो' म्हटलं.

संध्याकाळी ब्रिग ओ' टर्कला सूप प्यायला थांबलो. धक्क्यापासून जवळच हे चिमुकलं गाव, आणि माझा खरा जीव इथल्या गोष्टीत. 1853 च्या उन्हाळ्यात नामवंत कलासमीक्षक जॉन रस्किन, त्याची बायको एफी आणि तरुण चित्रकार मिले इथे मुक्कामाला आले. ग्लेनफिंगलसच्या ओढ्याकाठी उभ्या रस्किनचं चित्र मिलेला काढायचं होतं. निसर्ग जसा आहे तसा रंगवावा ही रस्किनचीच शिकवण, तेव्हा खडकाचा कण न् कण समोर बसून रंगवणं आलं. त्यात पाऊस आणि चिलटं. जुलैत सुरू झालेलं काम ऑक्टोबर आला तरी संपेना. जागा इतकी अपुरी की शाळामास्तरांच्या झोपडीवजा घरात सगळे दाटीवाटीने राहत. रस्किन आपल्या व्याख्यानांच्या तयारीत आणि खडकांच्या थरांत गुंग, एफी आणि मिले एकमेकांत. पुढल्या वर्षी रस्किनचं लग्न रद्द झालं, त्याच्या पुढल्या वर्षी एफीने मिलेशी लग्न केलं. त्यांना आठ मुलं झाली. चित्रही पूर्ण झालं. ते ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे आणि त्यातले खडक अप्रतिम आहेत.

"म्हणजे चित्रकाराला बरोबर नेणंच धोक्याचं," हे म्हणाले.

"अहो, इथे चित्रकार मी आहे. मी कुणाबरोबर पळून जाऊ?"

भाचा सूपमध्ये पाव बुडवत म्हणाला, "काका, गोष्टीत धोका चित्रकाराचा नव्हता. रस्किन खडक बघत बसला होता."

ह्यांनी घाईघाईने कॅमेरा माझ्यापुढे धरला आणि दिवसभराचे फोटो सरकवायला सुरुवात केली. बेट, बोट, बोटीचं धुराडं, शेवाळ, शेवाळ जवळून, ढग, भाच्याची सायकल, एक कुंपण, खडक, ओला खडक, तोच खडक कोरडा. मी कुठेच नव्हते. खाडीवरच्या फोटोतही रंगपेटी होती, माझा दगड होता, मी चौकटीबाहेर.

"तू मध्येमध्ये येत नाहीस, हे फार चांगलं आहे," हे म्हणाले.

भाच्याने पावाचा तुकडा खाली ठेवला आणि आणखी एक सूप मागवलं. काकांसाठी.