भोकांचे भागधारक

ज्युनिअर खाण-कंपनी म्हणजे जिच्याकडे खाण नसते अशी खाण-कंपनी. तिच्याकडे जमीन धुंडाळण्याचा परवाना असतो, एखाददुसरा भूशास्त्रज्ञ असतो आणि टोरोंटोत किंवा व्हँकुव्हरला भाड्याची कचेरी असते. उत्पन्न नसते. त्यामुळे ताळेबंद तपासण्याची कटकटच उरत नाही. बँकेचा शेअर दहा वेळा पारखून घेणारा चिकित्सक माणूस इथे एका रंगीत नकाशावर भाळतो.

कंपनी विकते ती भोके. नवे शेअर काढून पैसे उभे करायचे, त्या पैशांत हिऱ्याच्या दातांचे ड्रिल खडकात उतरवायचे आणि वर येणारा दगडी दांडा, म्हणजे कोअर, पेट्यांत ओळीने मांडायचा. मग तो उभा चिरतात. अर्धा भाग कस काढायला प्रयोगशाळेत जातो, उरलेला अर्धा पेटीतच राहतो. उद्या कोणाला शंका आली तर दाखवायला काहीतरी असावे, एवढाच त्याचा हेतू. पैसे संपले की पुन्हा शेअर काढतात आणि जुन्या भागधारकाचा वाटा तेवढा पातळ होतो.

निकाल पत्रकातून जाहीर होतात. ‘12 मीटरमध्ये टनाला 4 ग्रॅम सोने, पैकी 1 मीटरमध्ये 40 ग्रॅम.’ ऐकायला झकास! मात्र गुणाकार केला तर एकूण 48 पैकी 40 त्या एकट्या मीटरने खाल्लेले असतात, आणि उरलेल्या 11 मीटरच्या वाट्याला टनामागे पाऊण ग्रॅमही येत नाही. हा हिशेब चौथीतल्या मुलाला जमतो. भागधारकाला जमत नाही, कारण तो एव्हाना मनातल्या मनात भूशास्त्रज्ञ झालेला असतो.

या जातीचा उत्तम नमुना पाहायचा तर टोरोंटोला दर मार्चमध्ये भरणाऱ्या पीडीएसी या खाण-संमेलनात जावे. भागधारक तिथल्या टेबलावरचा कोअरचा तुकडा उचलतो, भिंग डोळ्याला लावतो, दगडाला थुंकी लावून ओला करतो (रंग उठतो म्हणे) आणि पिवळी चमक दिसताच ‘सल्फाइड्स’ असे पुटपुटतो. बहुधा ते नुसते सोन्यासारखे चमकणारे पायराइट असते. प्रस्तुत लेखकानेही हा शब्द तिथे पुटपुटलेला आहे आणि आसपास कोणी ऐकले की नाही, हे वळून पाहिलेले आहे.

आता शेजाराविषयी. याला थोडी जास्त जागा द्यावी लागेल. 1993 साली अल्बर्ट चिसलेट आणि ख्रिस व्हर्बिस्की हे दोघे लॅब्राडोरमध्ये हिरे शोधत हिंडत होते. व्हॉइसीज बेजवळ त्यांना गंजलेल्या रंगाचा खडक दिसला. खाली निकेल, तांबे आणि कोबाल्ट निघाले, आणि 1996 साली इन्को कंपनीने त्यासाठी 4.3 अब्ज कॅनेडियन डॉलर मोजले. लगेच आजूबाजूची जमीन अडवायला झुंबड उडाली. नकाशावर एक तारा म्हणजे व्हॉइसीज बे, त्याच्या बाजूला आपला चौकोन, एवढे भांडवल शेअर विकायला पुरले. या पद्धतीला धंद्यात ‘क्लोजॉलॉजी’ असे शास्त्रीय वळणाचे नाव आहे. पेडर रोडवर ‘प्रभुकुंज’च्या शेजारी राहणाऱ्याने गाण्याच्या मैफिलीची सुपारी घ्यावी, तसा हा प्रकार. खडकाला शेजारधर्म माहीत नाही. वितळलेल्या शिलारसातून जड सल्फाइड सुटले आणि खालून वर येणाऱ्या अरुंद वाटेत, ती जिथे रुंदावली तिथे साचले. त्या वाटेबाहेर साधा दगड. तरी ‘आमचा चौकोन लागूनच आहे’ हे वाक्य खपते, कारण ऐकणाऱ्यालाही मोठ्यांच्या शेजारी राहायची हौस असते. प्रस्तुत लेखकाला तर नकाशावरचे अंतर कोणी दशांशात सांगितले की विशेष भरवसा वाटतो. ज्या इन्नू आणि इन्यूट लोकांची ती मूळ भूमी, ते या नकाशांवर कुठेच नसत.

बुसांगची गोष्ट मात्र हसत सांगता येत नाही. कॅल्गरीच्या ब्रे-एक्स कंपनीने बोर्निओ बेटावर, इंडोनेशियाच्या पूर्व कालिमंतानमध्ये, बुसांग इथे सोने सापडल्याचे सांगितले. 1997च्या सुरुवातीला आकडा 7.1 कोटी औंसांवर पोचला होता. तिथे कोअर चिरतच नव्हते. अख्खा दांडा दळायला पाठवत. सोन्याचे कण भरड आहेत म्हणून मोठा नमुना हवा, असा खुलासा होता आणि शिकलेल्या लोकांनी तो मान्य केला. प्रत्यक्षात दळलेल्या दगडात नदीतले सोने मिसळले जात होते. नदीत घासून त्या कणांच्या कडा गोल झालेल्या होत्या, आणि ही गोलाई भिंगाखाली दिसत होती. 19 मार्च 1997 रोजी तिथला भूशास्त्रज्ञ मायकेल डी गुझमन हेलिकॉप्टरमधून खाली पडून मेला. फ्रीपोर्ट कंपनीने शेजारी पाडलेल्या भोकांत नाव घेण्याजोगे सोने निघाले नाही, आणि मे महिन्यात स्ट्रॅथकोना या सल्लागार कंपनीच्या तपासणी अहवालाने उरलीसुरली आशा संपवली. एके काळी 6 अब्ज कॅनेडियन डॉलरच्या घरात गेलेले शेअर रद्दीच्या भावाचे झाले. त्यात मास्तरांच्या पेन्शन फंडाचे पैसे होते. मुख्य भूशास्त्रज्ञ जॉन फेल्डरहॉफ 2007 साली निर्दोष सुटला. तुरुंगात कोणीच गेले नाही. चीड येते ती याची.

त्यानंतर, 2001 साली, कॅनडात ‘एनआय 43-101’ हा नियम आला. साठ्याचा आकडा जाहीर करताना पात्र तज्ज्ञाचे नाव द्यावे लागते, आणि साठा ‘अनुमानित’, ‘निर्देशित’ की ‘मापित’ हे सांगावे लागते. भागधारक त्यातला आकडा वाचतो, विशेषण सोडून देतो.

बहुतेक भोके कोरडी निघतात, आणि तसे सरळ लिहून कळवणारा भूशास्त्रज्ञ या सगळ्यात खरा मोठा माणूस. त्याच्या पत्रकाला मात्र कोणी टाळ्या वाजवत नाही. शेअर तेवढा पडतो. मग दहा जुन्या शेअरांचा एक नवा होतो, कंपनीचे नाव बदलते, अध्यक्ष तेच राहतात. भागधारकाच्या खात्यात दहा हजारांच्या जागी एक हजार शेअर दिसतात, आणि नव्या पत्रकात सोन्याऐवजी लिथियम असते.