परळीची वाट आणि सुटलेली नाडी

नोव्हेंबर लागला की माझं पाकीट हलकं व्हायला लागतं. दिवाळीचं दुखणं वेगळं, हे स्काउटचं. 7 नोव्हेंबर हा भारत स्काउट्स आणि गाईड्सचा स्थापना दिन. 1950 साली देशातल्या निरनिराळ्या स्काउट संस्था एकत्र येऊन ही एक संस्था झाली, आणि त्या दिवशी ध्वजाची स्टिकर विकून निधी जमवायची पद्धत पडली. आमच्या चिरंजिवांना वीस स्टिकर मिळाली होती. त्यांनी ती वीसच्या वीस एकाच गिऱ्हाइकाला विकली. तेव्हापासून माझी स्कूटर दुरून प्रचाराला निघालेल्या उमेदवारासारखी दिसते.

त्यामागून 'खरी कमाई' आली. मुलांनी घरी हात न पसरता स्वतःच्या कष्टानं चार पैसे मिळवायचे, असा हा उपक्रम. चिरंजिवांच्या वाघ संघानं शाळेच्या मैदानावर भेळेचा गाडा लावला. चुरमुरे आमचे, फरसाण आमचं, कांदा हिनं चिरलेला, चिंच माझ्या आईनं कोळलेली आणि पहिलं गिऱ्हाईक मी. संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, "बाबा, तीनशे चाळीस रुपये नफा!" मी विचारलं, "आणि खर्च?" ते म्हणाले, "खर्च कुठं झाला?" कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली रयत शिक्षण संस्था साताऱ्यात आणली आणि 'कमवा आणि शिका' ही गोष्ट इथल्या मातीत रुजवली. आमच्या घरात फक्त कामाची वाटणी झाली आहे. कमवायचं त्यानं, शिकायचं मी.

डिसेंबरात पथकाची हाईक ठरली. शनिवारी साताऱ्याहून चालत परळी, रात्री तिथं मुक्काम, रविवारी सज्जनगड. त्यासाठी एक पालक प्रतिनिधी हवा होता. पालकसभा सहाची होती, मी सव्वासहाला पोचलो आणि मला पाहताच टाळ्या पडल्या. सभेला उशिरा जाणाऱ्याची नेमणूक होते, हा आपल्याकडचा जुना कायदा. स्काउट मास्तर पुढं आले आणि त्यांनी डावा हात पुढं केला. मी उजवा केला. त्यांनी पुन्हा डावा केला, तेव्हा उजव्या हाताला काही लागलंय का म्हणून मी चौकशी केली. मग कळलं की स्काउट डाव्या हातानंच हस्तांदोलन करतो. घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "कर बाबा काय करायचं ते. प्रसाद मात्र उजव्या हातानं घे."

स्काउटचं ब्रीद एकाच शब्दाचं आहे: तयार. मी तयारीला लागलो. दोन स्वेटर, कानटोपी, मफलर, बॅटरी, बॅटरीचे जादा सेल, गरम पाण्याची पिशवी, ओवा, हिंग्वाष्टक, बाम, चकल्यांचा डबा, अर्धा किलो कंदी पेढे आणि छत्री. "डिसेंबरात छत्री कशाला?" असं हिनं विचारलं. मी म्हटलं, "तयार म्हणजे तयार."

शनिवारी सकाळी सहा वाजता समर्थ मंदिरापाशी पथक जमलं. थंडी अशी, की अजिंक्यतारासुद्धा धुक्याची शाल पांघरून बसला होता. वाघ संघाचा नायक नववीतला. आवाज फुटायच्या बेतात असल्यानं त्याचं प्रत्येक वाक्य वडिलांच्या सुरात सुरू होऊन आईच्या सुरात संपायचं. त्यानं माझी पिशवी उचलून पाहिली, लगेच खाली ठेवली आणि विचारलं,

"काका, दोरी आणलीय?"

"नाही."

"शिट्टी?"

"नाही."

"सेफ्टी पिन?"

"नाही रे."

"म्हणजे बाकी सगळं आणलंय," असं म्हणून त्यानं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बोगद्यातून पलीकडं गेलं की सातारा संपतो. एक रस्ता यवतेश्वराचा घाट चढून कासकडं जातो, दुसरा परळीच्या खोऱ्यात उतरतो. कासच्या रस्त्यावर पावसाळा सरता सरता फुलं बघायला येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशात गेलं आणि तेव्हापासून फुलांपेक्षा फोटो जास्त फुलतात. डिसेंबरात मात्र तिकडं कुणी फिरकत नाही. आम्ही परळीचा रस्ता धरला. पुढं तीस मुलं रांगेत, हातात लाठ्या, गळ्यात स्कार्फ. मागं मी, पाठीवर अर्धा संसार.

पहिल्या किलोमीटरला माझ्या डाव्या बुटाची नाडी सुटली. बांधली. दुसऱ्याला उजव्या बुटाची सुटली. तीही बांधली. मग डाव्या बुटाला पुन्हा आठवण आली. प्रत्येक वेळी पिशवी उतरवायची, वाकायचं, बांधायचं, कंबर धरून उठायचं आणि पिशवी चढवायची. चौथ्या वेळी मान वर केली तेव्हा पथक वळणाआड गेलं होतं.

घाबरायचं कारण नव्हतं. मागून येणाऱ्यासाठी पुढच्यांनी वाटेवर खुणा मांडत जायच्या, हा हाईकचा भागच असतो आणि त्या खुणा मी आदल्या रात्री चिरंजिवांकडून पाठ करून घेतल्या होत्या. बाण म्हणजे इकडून जा. फुली म्हणजे इकडून जाऊ नको. मोठ्या दगडावर लहान दगड म्हणजे वाट बरोबर आहे. चौकटीत आकडा आणि बाजूला बाण म्हणजे त्या दिशेला तितक्या पावलांवर चिठ्ठी लपवली आहे. वर्तुळात ठिपका म्हणजे 'मी घरी गेलो'. स्काउट चळवळ काढणारे बेडन पॉवेल 1941 साली केनियात वारले. तिथं न्येरीला त्यांच्या कबरीवर हीच शेवटची खूण कोरली आहे. मला पाठ करताना सगळ्यांत आवडली तीही हीच.

पहिला बाण सापडला. दुसराही सापडला आणि त्यानं मला डांबरी सोडून शेतातल्या पायवाटेवर घातलं. तिसऱ्या जागी शेळ्यांचा कळप नुकताच जाऊन आला असावा, कारण तिथं बाण होता, फुली होती की लेंड्या होत्या, हे ठरवायला माझा अभ्यास अपुरा पडला. मी वाकून एकेक दगड निरखत पुढं सरकू लागलो. बांधापलीकडून आवाज आला.

"काय हुडकताय?"

कोपीच्या दारात एक आजी उभ्या होत्या. मी म्हटलं, "दगड."

"दगुड? हितं दगुड सोडून दुसरं हाय काय?"

"तसा नाही आजी. एका मोठ्या दगडावर लहान दगड ठेवलेला. इथंच कुठंतरी असणार."

"व्हता की. त्यो बघा." त्यांनी चुलीकडं बोट केलं. मोठा दगड चुलीला लागला होता आणि त्यावर चहाचं भांडं उकळत होतं. "सकाळी पोरं मांडून गेल्याली. म्हटलं, बरं झालं, ही चूल मोडल्याली, कुनीतरी दगुड आनून ठिवला. तुमचं पोरगं हरवलंय व्हय?"

"नाही आजी. मी हरवलोय."

आजींनी माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं आणि मग छत्रीकडं जरा जास्त वेळ बघितलं. "एवढं समदं घिऊन?"

त्यांनी मला गुळाचा चहा पाजला. परळीची वाट विचारली, तेव्हा त्या हसल्या. "ह्यो समोर गड दिसतोय न्हवं? त्याच्या पायाला परळी. गड दिसतोय तवर कोन हरवतंय व्हय!"

मी मान वर केली. समोर सज्जनगड उभा होता, एवढा मोठा. मी सकाळपासून खाली बघत चाललो होतो.

दुपारी परळीत पोचलो. गावाबाहेर शेतात तंबू उभे राहिले होते. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, पण काही बोलले नाहीत. संघनायकानं पुन्हा वही काढली. नंतर बिनभांड्याचा स्वयंपाक झाला. निखाऱ्यात बटाटे, निखाऱ्यात वांगी, आणि काठीला कणीक गुंडाळून विस्तवावर भाजलेली पोळी. ही पोळी बाहेरून कोळसा आणि आतून कणीकच राहते. मधे कुठंतरी केसाएवढा पोळीचा थर असतो, तो शोधून खायचा. वांग्याचं भरीत मात्र असं झालं, की काटेकोर बोलायचं तर ते आमच्या घरच्यापेक्षा चांगलं होतं. मी काटेकोर बोललो नाही, कारण चिरंजीव घरी सगळं सांगतात. माझ्या पिशवीला हसणाऱ्या तीस मुलांनी चकल्यांचा डबा चार मिनिटांत रिकामा केला.

रात्री शेकोटीला बसलो. खोऱ्यातून बोचरा वारा सुटला आणि जाळ धरेना. तेव्हा मी उठलो, छत्री उघडली आणि वाऱ्याकडं धरून बसलो. जाळ धरला. मास्तर म्हणाले, "वा, तयार!" आयुष्यात इतका मान मला कधी मिळाला नव्हता. मग मुलांनी नाटुकली केली. एका नाटुकलीत एक जाडा मुलगा पाठीला दोन तंबू बांधून दर तीन पावलांनी खाली वाकत होता. सगळे हसले. मीही हसलो, कारण छत्री धरल्यामुळं मला तोंड झाकता येत नव्हतं.

रविवारी सकाळी परळीकडून गडाच्या पायऱ्या चढायला घेतल्या. मी तीनशेपर्यंत मोजल्या, पुढं श्वास मोजले. स्काउट प्राणिमात्रांचा मित्र असतो असा स्काउटचा एक नियम आहे. गडावरच्या वानरांना तो माझ्यापेक्षा चांगला पाठ असावा. एक वानर शांतपणे आलं, मित्राच्या पिशवीत हात घालावा तसा हात घातला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन तटावर जाऊन बसलं. एकेक पेढा सोलून पाहत होतं. पेढ्याला साल नसते हे त्याला पटत नव्हतं.

हा गड शिवाजी महाराजांनी 1673 साली घेतला. समर्थ रामदास 1676 साली इथं राहायला आले आणि 1682 साली त्यांनी इथंच देह ठेवला. त्यांच्या वापरातल्या वस्तू अजून दाखवतात. त्यांतली कुबडी पाहून मुलं थबकली. टेकायला कुबडी आणि आत लपलेली गुप्ती! आयुष्यभर देश पायी तुडवलेला माणूस, त्याचं सामान एवढंच. संघनायकानं कुबडीकडं बघितलं, मग माझ्या पिशवीकडं. वही काढली नाही, एवढे त्याचे उपकार.

दुपारच्या महाप्रसादाच्या पंगतीत मी आठवणीनं उजवा हात वापरला. उतरताना पाचवी का सहावी नाडी सुटली. मी वाकायच्या आत संघनायक पायरीवर बसला.

"काका, तुम्ही गाठ कशी मारता?"

"कशी म्हणजे? सगळे मारतात तशी."

"दाखवा."

छत्तीस वर्षं मी नाडी बांधतोय आणि एक नववीतला पोरगा परीक्षा घेत होता. मी बांधून दाखवली.

"इथं चुकतं. पहिल्यांदा उजवी डावीवर, बरोबर. मग दुसऱ्यांदा पण उजवीच डावीवर घेता. ती उलटी गाठ, ती सुटणारच. दुसऱ्यांदा डावी उजवीवर घ्यायची, म्हणजे रीफ नॉट होते. फुलाकडं बघा. फूल बुटाला आडवं बसलं की गाठ बरोबर. उभं बसलं, टाचेकडून बोटांकडं, की चुकली."

मी माझं फूल पाहिलं. उभं. दोन्ही बुटांवर उभं. सबंध जन्मात उभं. त्यानं सांगितलं तशी बांधली. फूल आडवं बसलं. गड उतरलो, परळीत आलो, एसटी पकडली आणि पोवई नाक्यावर उतरलो. नाडी जागची हलली नव्हती. एसटीत मी चिरंजिवांना विचारलं, "तुला हे येत होतं?" ते म्हणाले, "पहिल्या महिन्यातच शिकवतात." "मग मला कधी सांगितलं नाहीस?" "तुम्ही कधी विचारलं?"

आता पुढचा हंगाम. 22 फेब्रुवारीला चिंतन दिन, बेडन पॉवेल यांचा जन्मदिवस. त्या दिवशी मुलं एखादं सार्वजनिक ठिकाण झाडून काढणार आहेत. पुढं सांगली जिल्ह्यातल्या बाणूरगडावर हाईक आहे. शिवाजी महाराजांचे हेरप्रमुख बहिर्जी नाईक यांची समाधी तिथं असल्याचं मानतात. स्काउट या शब्दाचा अर्थच टेहळ्या, तेव्हा मुलांनी आपल्या मूळपुरुषाला भेटायला जाणं रास्तच आहे. पुन्हा पालक प्रतिनिधी हवा आहे. सभा सहा वाजता आहे आणि मी मुद्दाम सव्वासहाला जाणार आहे. बरोबर काय न्यायचं ते ठरलं आहे: दोरी, शिट्टी, सेफ्टी पिन आणि छत्री.

तोवर वाचकांना एकच विनंती. हे वाचून झालं की जरा वाकून आपल्या बुटाकडं बघा. फूल उभं असेल, तर घरातल्या नववीतल्या माणसाला विचारा.