स्वाइपवीर

स्वाइपवीर हा बड्या ऑडिट आणि सल्लागार कंपन्यांत आढळणारा नोकरदार. हुद्दा मॅनेजर, वास्तव्य डोंबिवलीच्या आसपास, ऑफिस लोअर परळला. आठवड्यातून तीन दिवस यायचा नियम तो काटेकोर पाळतो. करी रोडला उतरून ऑफिस गाठायचे, गेटवर कार्ड लावायचे, पँट्रीत कॉफी घ्यायची, पार्टनरच्या केबिनवरून दोनदा जायचे आणि लोकलला गर्दी व्हायच्या आत परतीची गाडी पकडायची. उरलेले काम रात्री, घरून.

मार्च 2020 पूर्वी ही जात नव्हती. तेव्हाचा ऑडिटर ऑफिसात बसून असे, हा मात्र पार्टनरमंडळींचा गोड गैरसमज. तो असे क्लायंटकडे, स्टोअरशेजारच्या बिनखिडकीच्या खोलीत, व्हाउचरांच्या गठ्ठ्यांत, क्लायंटच्याच चहावर. ऑफिसात यायचा तो प्रवासखर्चाचे बिल टाकायला. लॉकडाउनने क्लायंटलाही घरी बसवले. पुढे काही ठिकाणी साठासुद्धा व्हिडिओ कॉलवर मोजला गेला: गोदामातला माणूस मोबाइल धरून रांगांमधून फिरतोय, ऑडिटर डोंबिवलीत पोती मोजतोय, शंभरी ओलांडताच रेंज जाते आणि मोजणी पुन्हा पहिल्या पोत्यापासून.

या धंद्यात तास विकले जातात, म्हणून टाइमशीटला फार मान. क्लायंटला, ट्रेनिंगला, रजेला, अगदी रिकामे बसण्यालाही कोड असतो. डोंबिवली-करी रोड प्रवासाला नसतो. घरून केलेले दहा तास क्लायंटच्या बिलात बिनतक्रार चढतात. त्यांच्याबद्दल शंका येते ती फक्त अप्रेझलला: ‘हल्ली दिसत नाहीस रे.’

घरीही सुख नाहीच. सीए दिवसभर घरी असतो हे कळताच सोसायटीने त्याला बिनविरोध खजिनदार केलेले असते. टॅक्स ऑडिटची 30 सप्टेंबर तोंडावर आली, की तळमजल्यावरचे काका मेंटेनन्सच्या पावतीत सत्तावीस रुपये जास्त कसे, हे विचारायला हमखास वर येतात.

‘पोरं शिकणार कशी?’ हा पार्टनरचा ठेवणीतला प्रश्न, आणि तो खरा आहे. क्लायंटला फोनवर कसे धारेवर धरायचे, हे आर्टिकलशिपची मुले सीनियरच्या बाजूला बसूनच शिकतात. ऑनलाइन मीटिंगमध्ये ती म्यूटवर असतात आणि बहुधा जेवत असतात. इथे स्वाइपवीराची बाजू लंगडी पडते. पण हाच पार्टनर शुक्रवारी लोणावळ्याच्या बंगल्यातून कॉल घेतो, आणि त्याला क्लायंट मीटिंग म्हणतात.

पार्टनरच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह असतो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. त्यामुळे मुदतीच्या शेवटच्या रात्री पार्टनर लोणावळ्यात, मॅनेजर डोंबिवलीत, आणि ऑफिसात सगळ्यांत कमी पैसे मिळवणारा आर्टिकल एकटा, लटकलेल्या पोर्टलसमोर. साडेअकराला रिपोर्ट एकदाचा अपलोड होतो. स्वाइपवीर त्याला फोनवर शाबासकी देतो आणि निघताना एसी बंद करायला सांगतो.