नेहमीचं टेबल

बापूचा फोन येतो तो बुधवारी, नाहीतर शुक्रवारी. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा आणि रविवारी तिथे ‘पर्यटक’ येतात. पर्यटक म्हणजे ठाण्याहून, बोरिवलीहून बायकामुलांना घेऊन मासे खायला आलेली माणसं. बापू स्वतः कित्येक वर्षं मुलुंडला राहतो, पण दादरच्या त्या हॉटेलात तो पर्यटक नसतो. तिथे तो घरचा असतो. निदान त्याच्या मते.

फोनवर बोलणं फार नसतं. ‘आज जायचं. दुपारी कमी जेव.’ कुठे, हे विचारायचं नाही. आमच्या बाजूला नवीन एक मालवणी हॉटेल झालंय, लोक बरं म्हणतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. पलीकडून ‘जाऊ की. जाऊन येऊ एकदा,’ असं उत्तर आलं, पण आवाज दूरच्या नातेवाइकाला भेटायला हॉस्पिटलात जायचं असल्यासारखा. त्या हॉटेलात आम्ही अजून गेलेलो नाही.

बापू मूळचा साताऱ्याकडचा. बँकेच्या नोकरीपायी मुंबईत आला, तोवर त्याने मासा पाहिला असेल तो फक्त पाण्यात. मग बँकेतल्या कुणीतरी त्याला या हॉटेलात आणलं, तिसऱ्या चाखायला लावल्या आणि त्याचा जन्म फुकट जायचा वाचला. पुढे लग्नही वेंगुर्ल्याच्या मुलीशी केलं. मासे खायला शिकलेला घाटी मग मालवण्यालाच मासे शिकवायला लागतो. समोर खरा मालवणी बसलेला असला, की बापूच्या बोलण्याला जास्तच धार चढते.

हॉटेलाबाहेर फुटपाथवर प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वही घेतलेला एक पोरगा. आलेल्याने नाव सांगायचं, किती माणसं ते सांगायचं आणि बसायचं. बापू नाव सांगत नाही. ‘थांब तू,’ म्हणून सरळ आत जातो. पूर्वी गल्ल्यावर म्हातारे शेठ असत, आता त्यांचा मुलगा असतो आणि तो येणाऱ्या प्रत्येकाला ‘या साहेब’ म्हणतो. बापू खुशीत बाहेर येतो. ‘ओळखलं लगेच. बापाने सांगून ठेवलं असणार.’ मग हळूच वहीवाल्याकडे जाऊन नाव लिहितो आणि आम्ही चारचौघांसारखे पाऊण तास फुटपाथवर बसून राहतो.

हा पाऊण तास वाया जात नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं बापू तोंड बघतो. कोण तृप्त, कोण नुसतं पोट भरलेलं, हे त्याला चेहऱ्यावरून कळतं. एखादं जोडपं दरवाजात उभं राहून आत जावं की नाही याचा विचार करत असलं, तर बापू न विचारता सांगतो, ‘आज तिसऱ्या घ्या. सुरमई नको.’ हॉटेलवाले याला कमिशन देत असतील, असा त्या जोडप्याचा समज होत असणार.

आत गेल्यावर नेहमीचं टेबल. हे टेबल हात धुवायच्या बेसिनला लागून आहे. येणारा-जाणारा आपल्या खांद्यावर चार थेंब उडवून जातो, पंखा कुरकुरतो आणि स्वैपाकघराचा दरवाजा उघडला की फोडणी डोळ्यांत जाते. अख्ख्या हॉटेलात याहून वाईट टेबल नाही. ‘इथून स्वैपाकघर दिसतं,’ बापू म्हणतो. दिसतं ते बनियन घातलेल्या एका माणसाची पाठ. वर माळ्यावर एसी केला, त्या दिवसापासून बापूने जिन्याकडे पाहिलेलं नाही. एसीत जेवणारे एसी खायला येतात, असं त्याचं मत आहे.

मेन्यूकार्डाची त्याला गरज नसते, तरी तो ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. मोठ्याने. ‘बांगडा फ्राय... अरे बाप रे! हा मी बारा रुपयांना खाल्लाय.’ पापलेटपाशी किमतीच्या जागी ‘ए.पी.एस.’ असं असतं, म्हणजे मासा जेवढा मोठा तेवढं बिल. तिथे तो दर वेळी थांबतो आणि म्हणतो, ‘ह्याला म्हणतात विश्वास.’ विश्वास नक्की कुणाचा कुणावर, ते मी विचारलेलं नाही, कारण पापलेट आम्ही कधी मागवतच नाही.

कार्ड मिटतं. ‘नेहमीचं आण.’

वेटर नवा असतो, ओडिशाकडचा किंवा झारखंडचा. बापू त्याच्याशी बायकोकडून शिकलेल्या मालवणीत बोलतो. ‘काय रे, खयचो तू?’ तो नम्रपणे म्हणतो, ‘साब, रोटी या चावल?’ मग नेहमीचं म्हणजे काय, ते एकेक करून हिंदीत सांगावं लागतं. बोंबील फ्राय, तिसऱ्यांचं सुकं, बांगड्याचं तिखलं, वडे, भात उशिरा, आणि सोलकढी आधी एक, मधे एक, शेवटी एक. रवा लावायचा नाही, तांदळाचं पीठ लाव. ‘बांगडा आजचा आहे ना?’ हा प्रश्न ठरलेला. हॉटेलाच्या धंद्यात आजवर कुठल्या वेटरने ‘नाही साहेब, कालचा’ असं उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही, पण ‘हां साब’ म्हणताना त्याची नजर कुठे जाते, ते बापू बघतो म्हणे. 1 जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद झाली की त्याची चौकशी आणखी कडक होते. ‘समुद्रात बोट नाही, मग हा कुठून आला?’ वेटर बिचारा स्वैपाकघराकडे बोट दाखवतो.

बापूला बोंबील खाताना मात्र बघावं. ताजा बोंबील म्हणजे नुसतं पाणी, हातात धरला तर लोंबतो. तो चिरून, उघडून, वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढावं लागतं, तेव्हा कुठे तळल्यावर कुरकुरीत होतो. ताट आलं की बापू आधी बोंबलावर चमच्याने टकटक करतो आणि कान पुढे करतो. ‘ऐक.’ मग लिंबू पिळायचं, पण ताटाच्या कडेला. बोंबलावर लिंबू पिळणारा माणूस त्याच्या लेखी संपला. शेपटीकडून दोन बोटांनी काटा धरून तो असा काही ओढतो, की सबंध काटा अखंड बाहेर येतो आणि मांस जागच्या जागी राहतं. काटा ताटाच्या उजव्या कडेला ठेवतो. पुढचा त्याला समांतर, त्याच्या पुढचाही. बँकेत व्हाउचरं अशीच लावत असावा.

तिखल्याचा पहिला घास तो स्वतः घेत नाही. तो मी घ्यायचा असतो आणि त्याने माझ्या तोंडाकडे बघायचं असतं.

‘कसंय?’

‘छान.’

‘छान काय? तिरफळ लागलं का?’

‘लागलं.’

‘कुठे लागलं?’

याचं समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेलं नाही. मग तो स्वतः घास घेतो, डोळे मिटतो, चावणं थांबवतो आणि नाकातून एक लांब श्वास सोडून निकाल देतो. ‘पूर्वीचं नाही राहिलं.’ असं म्हणून वडा मागतो. मग आणखी एक. वाटी पुसून घेतो. शेजारच्या टेबलावर कुणी ‘एवढं काही खास नाही’ म्हणालं, की मान गर्रकन वळते आणि पूर्वीचं न राहिलेल्या त्याच तिखल्याच्या बाजूने तो भांडायला उभा राहतो. गंमत अशी, की ज्या काळाला तो आता ‘पूर्वी’ म्हणतो, त्या काळातही मी त्याच्यासमोर याच बेसिनपाशी बसत होतो आणि तेव्हाही ते पूर्वीचं राहिलेलं नव्हतं.

वहिनींना मी एकदा विचारलं, तुमच्या हातच्या तिसऱ्या असताना हा दादरला कशाला जातो? वहिनी म्हणाल्या, ‘घरी त्याला पूर्वीचं राहिलं नाही म्हणता येत नाही. टाप आहे का?’

जेवताजेवता बापूच्या हॉटेलांच्या गोष्टी सुरू होतात. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम, तिथे जेवायचं आणि उठायचं, गप्पा मारायच्या नाहीत. ते बंद झालं, तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखा बापू गप्प होता. 2014 साली ग्रँट रोड स्टेशनसमोरचं बी. मेरवान बंद होणार, अशी बातमी आली. शंभर वर्षांचा इराणी! बापू पहाटेच्या गाडीने गेला, रांगेत उभा राहिला आणि खोकंभर मावा केक आणून ओळखीतल्या घराघरांत एकेक देऊन आला. देताना प्रत्येक ठिकाणी चार वाक्यांचं भाषण. मुंबई संपली, असा सूर. काही आठवड्यांनी दुरुस्ती होऊन मेरवान पुन्हा उघडलं. सगळ्यांना आनंद झाला, बापूला जरा फसवल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षी जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार मात्र खरोखर बंद झालं. तिथे तो आयुष्यात एकदाच गेला होता, तेसुद्धा पाऊस आला म्हणून. त्यावर तो आमच्यापाशी तासभर बोलला.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण 2020 साली नेता आलं नाही. कोरोनामुळे हॉटेलं फक्त पार्सल देत होती. बापू मुलुंडहून गाडी काढून दादरला गेला, पार्सल घेतलं आणि समोरच्या बाजूला गाडी लावून मांडीवर डबा उघडून जेवला. शटर अर्धं वर होतं. त्याच्या टेबलावर खुर्च्या उलट्या करून ठेवल्या होत्या. फोनवर मला म्हणाला, ‘बोंबील मऊ पडले रे.’ बाकी काही बोलला नाही.

बिल आलं की दोघांनी त्यावर झडप घालायची, हे आलंच. माझा हात नेहमी जरासा उशिरा पोचतो, असं बापूचं म्हणणं आहे. पैसे देण्याआधी तो बँकवाल्याच्या नजरेने बिलातली प्रत्येक ओळ तपासतो आणि मग उठून गल्ल्यावर जातो. आता भांडण होणार, असं नव्या माणसाला वाटतं. तो तिथे जाऊन सांगतो, ‘सोलकढ्या सहा झाल्या, तुम्ही पाच लावल्यात.’ धाकटे शेठ म्हणतात, ‘राहू दे साहेब.’ हा म्हणतो, ‘राहू दे काय? अशाने चालेल का हॉटेल?’ सोलकढीचे पैसे वेगळे मोजून ठेवतो आणि बडीशेपेची मूठ खिशात घालतो. तिचा हिशेब नसतो.

मागे एकदा आम्ही जेवत असताना एक म्हातारे गृहस्थ आत आले. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात आंब्याची पेटी. या हॉटेलात ते सगळं आयुष्य वेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत, आता गावी कणकवलीकडे असतात. शेठना भेटायला आले होते. बापू घास हातात धरून बघतच राहिला. हाक मारायचा धीर होईना. ओळखलं नाही तर? मामा गल्ल्यावर पेटी ठेवून बेसिनकडे हात धुवायला आले, बापूजवळ थबकले, डोळे बारीक करून म्हणाले, ‘तुमी बँकेतले मां? बोंबील, तिसऱ्यो. आणि भात उशिरान.’

नाव त्यांना आठवलं नाही. बापूने आठवण करूनही दिली नाही. त्या दिवशी त्याने मला बिलाला हात लावू दिला नाही, पापलेटसुद्धा मागवलं, ए.पी.एस.वालं, आणि ‘पूर्वीचं नाही राहिलं’ हे वाक्य सबंध जेवणात उच्चारलं नाही.

तुमच्याकडेही असा एखादा बापू असेल. मासे नसतील तर मिसळ असेल, डोसा असेल, इराण्याचा ब्रून मस्का असेल. बुधवारी-शुक्रवारी त्याचा फोन आला तर उचला. दुपारी कमी जेवा. आणि तिरफळ कुठे लागलं, याचं उत्तर घरूनच तयार करून न्या.