मोजा, पण बिल देऊ नका

पुण्यात घरगुती पाणीपट्टी किती यायची हे नळ ठरवत नाही, भिंती ठरवतात. घराचं करयोग्य मूल्य जास्त, तर पाणीपट्टी जास्त. त्यामुळे प्रशस्त फ्लॅटमध्ये एकटे राहून बादलीभर पाण्यात अंघोळ उरकणारे आजोबा जास्त भरतात. खालच्या मजल्यावर लहान घरात राहून रोज सकाळी दोन गाड्यांना पाइपाने अभ्यंगस्नान घालणारे गृहस्थ कमी भरतात. कर्म आणि फळ यांची इतकी स्वच्छ फारकत गीतेनंतर महापालिकेनेच करून दाखवली आहे.

गंमत म्हणजे महापालिकेला स्वतःला ही सवलत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून क्षमता साधारण २९ टीएमसी. त्यातून शहराने किती उचललं, हे जलसंपदा खातं मोजतं आणि मोजून बिल पाठवतं. ठरल्यापेक्षा जास्त उचललं की चढ्या दराने. दर ठरवायला २००५ च्या कायद्याने नेमलेलं जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. मग पालिका म्हणते आकडा चुकीचा, खातं म्हणतं थकबाकी भरा, आणि उन्हाळा तेवढ्यात निघून जातो. म्हणजे पाणी धरणातून निघतं तेव्हा घनमीटरात असतं आणि नळाशी पोचेपर्यंत चौरस फुटांत गेलेलं असतं.

यावर उपाय म्हणून समान पाणीपुरवठा योजना आली: चोवीस तास पाणी आणि प्रत्येक जोडणीला मीटर. त्यासाठी जून २०१७ मध्ये पालिकेने ७.५९ टक्के व्याजाचे २०० कोटींचे कर्जरोखे काढले आणि मुंबई शेअर बाजारात थाटात घंटा वाजली. व्याज ठरल्या दिवसापासून चोवीस तास सुरू झालं. पाण्याचं अजून सगळ्या शहरात तसं जमलेलं नाही.

मीटर मात्र बसू लागले. काही ठिकाणी रहिवाशांनी आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींनी ते अडवले, आणि जिथे बसले तिथे ते नुसतेच मोजतात. बिल? छे, निवडणूक कधीही लागू शकते. पुणेकरही बेफिकीर: नळ आला की कालचं भरलेलं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतायचं आणि ताजं भरायचं. मीटर हे सारं निमूटपणे टिपून घेतो.

वापरेल तितकं भरायचं, हे तत्त्व शहरात कोणी पाळतच नाही असं मात्र नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पालिकेत आली. तिथल्या अनेक सोसायट्या टँकरवर जगतात आणि प्रत्येक खेपेला रोख मोजतात. मे महिन्यात मागणी वाढली की भाव चढतो, भाव चढला की चेअरमन नोटीस लावतात, आणि नोटीस लागली की पाइपाने गाडी धुणं बंद होतं. पाठ्यपुस्तकातलं दरनियंत्रण असं बिनबोभाट चालू आहे. फक्त गल्ला टँकरवाल्याचा.

बंगळूरने मार्च २०२४ मध्ये या गल्ल्यालाच हात घातला. पाच किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरचा टँकर एक हजार रुपयांना, असे दर बांधून दिले. शिवाय पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली, बाग शिंपली तर पाच हजार दंड. थोड्याच दिवसांत २२ घरांकडून १ लाख १० हजार वसूल झाले. दिल्लीची तऱ्हा आणखी न्यारी. २०१५ पासून तिथे महिन्याला २० हजार लिटर फुकट. त्यावर गेलात की सगळ्याच पाण्याचे पैसे. अट एकच, मीटर चालू हवा. फुकटाची पावती मिळवण्यासाठी का होईना, मीटरला मतदाराच्या दारात मान मिळाला. काटा १९ हजार ९०० वर आल्यावर घराघरांत जी काटकसर सुचत असेल, ती ‘पाणी वाचवा’च्या किती फलकांनी सुचली असती?

एवढ्या लांब जायचं कारण नाही. कराडला खेटून असलेल्या मलकापूरने चोवीस तास पाणी, घरोघरी मीटर आणि वापरासोबत चढणारा दर हे सगळं केव्हाच करून दाखवलं. पुण्याच्या शिष्टमंडळाने अभ्यासदौरा काढायला हरकत नाही, रस्ता चांगला आहे. वाटेत खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे असे तीन टोलनाके लागतात, आणि तिन्हीकडे घरपट्टीची पावती दाखवून चालत नाही.